पैकीच्या पैकी गुण आणि झोपेची वजाबाकी

खोपोलीहून पहाटे सुटणाऱ्या लोकलमध्ये नोकरदारांबरोबर बारावीची मुलेमुलीही असतात. पाठीला सॅक, हातात सूत्रांचा लॅमिनेट केलेला कागद. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशी स्थानके मागे पडतात आणि कर्जत येण्याआधीच तो कागद मांडीवर घसरलेला असतो, मान खिडकीला टेकलेली असते. कर्जतला गाडी बदलायची, बदलापूर नाहीतर कल्याणला उतरायचे आणि क्लास गाठायचा. कोणी सकाळचा क्लास करून दुपारी कॉलेजला परततो, तर कोणी कॉलेज आटोपून संध्याकाळी निघतो आणि रात्री जेवायला दहा-साडेदहाला घरी येतो.

फेब्रुवारीतल्या बारावीच्या परीक्षेला आता चार महिने उरले आहेत. विज्ञान शाखेचे मूल असलेल्या घरांत या दिवसांत एकच वाक्य वारंवार ऐकू येते: 'गणितात पैकीच्या पैकी पाहिजेत.' आरोग्याच्या सदरात गुणांची चर्चा कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर त्या लोकलमधल्या टेकलेल्या मानेत आहे. पैकीच्या पैकीचा पाठलाग करताना कर्जत-खालापूरची मुले जी वस्तू सगळ्यात आधी खर्च करतात, तीच वस्तू शेवटचे दहा गुण मिळवायला सगळ्यात जास्त लागते. ती वस्तू म्हणजे झोप.

आधी प्रश्नपत्रिका पाहू. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेच्या गणितात लेखी परीक्षा ८० गुणांची असते, प्रात्यक्षिकाचे २० गुण कॉलेजकडे असतात. लेखीला तीन तास मिळतात. दोन गुणांचे आठ बहुपर्यायी प्रश्न आणि एका गुणाचे चार प्रश्न असे २० गुण सक्तीचे. त्यानंतर दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे. छापलेल्या सगळ्या प्रश्नांचे गुण ११२ होतात, सोडवायचे असतात ८०. म्हणजे ३२ गुणांचे प्रश्न हात न लावता सोडून देता येतात. पर्याय एवढे सढळ असताना अवघड प्रश्नामुळे पैकीच्या पैकी हुकण्याचे कारण फारसे उरत नाही. मग हुकतात कशामुळे?

एक छोटा हिशेब करू. सोडवायचे एकूण प्रश्न ३३. समजा एखादी मुलगी इतकी तयारीची आहे की शंभर प्रश्न दिले तर ९८ अगदी अचूक सोडवते. अशा मुलीचे ३३ च्या ३३ प्रश्न बरोबर येण्याची शक्यता किती? एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे धरले, तर ०.९८ चा ३३ वा घात काढायचा. उत्तर येते सुमारे ०.५१. जवळजवळ नाणेफेकच. अचूकता ९५ टक्के असेल तर हीच शक्यता १८ टक्क्यांवर घसरते आणि ९९ टक्के असेल तर ७२ टक्क्यांवर चढते. अचूकतेत चारच टक्क्यांचा फरक, पण शक्यता चौपट. बारावीच्या द्विपद वितरणाच्या धड्यातलेच हे गणित आहे, पण ते आपल्याच निकालाला लावून पाहायचे कोणाला सुचत नाही.

या आकड्यांचा पालकांसाठी एक अर्थ असा की ९८ आणि १०० गुणांच्या मुलांत हुशारीचा फरक शोधू नये, तो बराचसा योगायोगाचा असतो. दुसरा अर्थ अधिक कामाचा. नव्वद गुणांपर्यंत अभ्यास पोहोचवतो. त्यापुढे नवे काही शिकण्यापेक्षा चुकांचे प्रमाण कमी करण्याला महत्त्व येते. चुकाही ओळखीच्याच असतात. अनिश्चित इंटिग्रेशनच्या शेवटी 'अधिक सी' लिहायचे राहते. निश्चित इंटिग्रेशनमध्ये चल बदलला जातो, पण मर्यादा जुन्याच राहतात. व्हेक्टरच्या क्रॉस प्रॉडक्टमध्ये मधल्या पदाचे चिन्ह चुकते. रेषीय प्रायोजनाच्या आलेखात छायांकन दुसऱ्याच बाजूला होते. यांतली एकही चूक 'येत नव्हते' म्हणून होत नाही. ती होते क्षणभर लक्ष सुटल्यामुळे.

लक्ष सुटण्याचा अभ्यास झोपेच्या शास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रौढ स्वयंसेवकांना दोन आठवडे ठरावीक तासच झोपू दिले. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी दोन आठवड्यांनी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. खरी गोम पुढे आहे. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. 'किती पेंग येते?' या प्रश्नाला ते पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ तेच उत्तर देत राहिले. 'मला सहा तास पुरतात' असे सांगणारा मुलगा खोटे बोलत नसतो, पण ते ओळखण्याची त्याची शक्तीही पेंगुळलेली असते.

किशोरांची गरज तर प्रौढांपेक्षा जास्त. अमेरिकन झोपवैद्यक अकादमीने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी आठ ते दहा तासांची शिफारस केली. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोपेचा संकेत देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे 'नऊला झोप आणि चारला ऊठ' हा आजोबांचा सल्ला सतरा वर्षांच्या मुलाला पाळता येत नाही, यात आळसाचा भाग थोडा आणि शरीरधर्माचा जास्त. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या पोराचे आपल्याकडे फार कौतुक होते. तो झोपला किती वाजता, हे विचारले जात नाही.

दुसरा गैरसमज आदल्या रात्रीचा. परीक्षेच्या आदल्या रात्री शांत झोपावे, हे घरोघरी सांगितले जाते. अमेरिकेतील एमआयटीत रसायनशास्त्राच्या वर्गातल्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाचणीच्या केवळ आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्याची आणि महिनाभराची झोप मात्र गुणांशी जुळत होती. रोज वेगवेगळ्या वेळी झोपणाऱ्यांचे गुणही कमी होते. असा संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हे मान्य. तरीही ऑक्टोबर ते जानेवारी झोप कापायची आणि फेब्रुवारीत एका रात्रीत भरपाई करायची, या बेताला त्यात आधार मिळत नाही.

आता खोपोलीच्या विद्यार्थ्याचा दिवस मांडू. कल्याणच्या क्लासला जायला, कर्जतला गाडी बदलण्यासह, पावणेदोन तास धरा. येऊन-जाऊन साडेतीन. कॉलेजचे साडेपाच, क्लासचे तीन, आंघोळ-जेवण-आवराआवरीचे अडीच. चोवीसांतून साडेचौदा गेले, उरले साडेनऊ. त्यात घरी बसून तीन तास स्वतः गणिते सोडवली, तर झोपेला साडेसहा. चार तास सोडवली तर साडेपाच. आणि खोपोलीच्या मार्गावर एक गाडी चुकली की तासाभराची निश्चिंती, ती वेगळीच. कशेळे, कडाव, खांडसकडच्या मुलांना आधी एसटी किंवा मिनीडोरने कर्जत गाठायचे असते. वावोशी-चौककडची मुले पनवेलचा रस्ता धरतात. डोंबिवलीत क्लासच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाशी यांची स्पर्धा आहे. त्याच्याकडे रोज साडेतीन तास जास्त आहेत, ही गोष्ट कोणत्याही गुणपत्रिकेवर छापली जात नाही.

भाषेचे ओझेही आहे. इथली बरीच मुले दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्रजीतून शिकतात आणि अकरावीला एकदम सगळे इंग्रजीत येते. आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे मेंदूतली कच्च्या कामाची जागा, फार लहान असते. एका वेळी चारेक गोष्टीच तिथे मावतात. प्रश्नातल्या शब्दांचा अर्थ लावण्यात त्यातली एक-दोन घरे अडली, की गणिताला जागा कमी पडते. भीतीही तिथेच येऊन बसते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवले की गणिताची धास्ती असलेली माणसे हातच्याची बेरीज करताना आणखी काही लक्षात ठेवायला सांगितले तर जास्त चुकतात. त्यांना गणित येत नव्हते असे नाही, काळजीने जागा व्यापली होती. 'पैकीच्या पैकी आणायचेच' हे वाक्य घरात दिवसातून चारदा ऐकवले, की आपण नेमकी तीच जागा व्यापतो.

एवढे करून त्या शंभर गुणांना पुढे किंमत काय? अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीत किमान टक्केवारी लागते, पण राज्याची गुणवत्ता यादी लागते ती एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. आणि सीईटी ही वेगळ्याच जातीची परीक्षा आहे. मंडळाच्या पेपरात एका गुणाला सव्वादोन मिनिटे मिळतात, पायऱ्यांना गुण असतात, उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर काही हाती लागते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला १०८ सेकंद. प्रत्येकाला दोन गुण, चुकल्यास वजा काही नाही. पायरीला कोणी विचारत नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणजे शंभरातले वीस गुण, आणि अकरावी तर आपल्याकडे दहावीनंतरची विश्रांती समजली जाते! पीसीएम गटाला २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक जण बसले होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, ते सांगणारा तो आकडा. चार लाखांत एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुले. ९८ आणि ९९ मध्ये एवढी गर्दी असते.

चुकीचा फटका कसा बसतो हे २०२५ च्या सीईटीत सगळ्यांनी पाहिले. तेव्हा चूक विद्यार्थ्यांची नव्हती. २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत घोळ निघाला. सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. त्याच दिवशी बारावीचा निकालही लागला. आपण काढलेले उत्तर चारही पर्यायांत नसेल तर १०८ सेकंदांत विद्यार्थी काय करेल? तो पुन्हा गणित करेल, मग स्वतःवर शंका घेईल आणि पुढच्या दोन प्रश्नांवरचे लक्षही घालवून बसेल. २०२६ च्या प्रवेशांपासून सीईटी दोनदा देण्याची आणि त्यातले चांगले पर्सेंटाइल धरण्याची सोय सरकारने जाहीर केली. एका वाईट दिवसावर वर्ष ठरू नये यासाठी ती बरीच आहे. पण दुसऱ्या संधीमुळे क्लासचे हंगामही दोन होतील आणि मेच्या उकाड्यात लोकलच्या फेऱ्या महिनाभर लांबतील, हेही दिसतेच आहे.

गुणांच्या शर्यतीला क्लासची जोड ही आपल्याच काळातली गोष्ट आहे, असे मात्र नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबरीने पहिले आले आणि 'रँग्लर' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. त्या परीक्षेसाठीही खासगी शिकवण्या असत. एडवर्ड राऊथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. मॅक्सवेल, केल्विन, जे. जे. थॉमसन हे सगळे त्या यादीत दुसरे आले होते. या शर्यतीपायी गणित मागे पडते, अशी तक्रार वाढत गेली आणि १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवार यादी लावणेच बंद केले. आपल्याकडे लाखोंच्या प्रवेशांचा प्रश्न असल्याने यादी बंद करणे शक्य नाही. पण क्रमांक आणि कुवत यांत फरक असतो, एवढे यातून घेता येईल.

मग खोपोलीच्या त्या मुलीने करायचे काय? तिला गुण हवे आहेत आणि ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. 'गुणांना महत्त्व देऊ नका' असा उपदेश करायला ज्यांचे प्रवेश झाले आहेत त्यांना सोपे जाते.

माझ्या मते पहिला बदल वेळापत्रक उलटे लिहिण्याचा. झोपेचे आठ तास आधी मांडायचे, उरलेल्या सोळांत बाकी सगळे बसवायचे. मग बहुधा दिसेल की रोजचा कल्याणचा क्लास बसत नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस बसतो. उरलेल्या दिवशी ते साडेतीन तास घरच्या टेबलावर परत मिळतात. तीन तास ऐकण्यापेक्षा दोन तास स्वतः सोडवणे गणितात अधिक कामाचे.

सोडवायचे कसे, यावर चांगले पुरावे आहेत. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका प्रकारची सगळी गणिते संपवून मग दुसरा प्रकार घेतला, दुसऱ्या गटाला सगळी मिसळून दिली. सरावात पहिला गट पुढे होता, ८९ टक्के विरुद्ध ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तर पहिला गट २० टक्क्यांवर आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर. पुढे शाळेतल्या सातवीच्या ५४ वर्गांवर केलेल्या प्रयोगातही मिसळलेला सरावच सरस ठरला, ६१ टक्के विरुद्ध ३८.

कारण समजायला इंटिग्रेशनचा धडा पुरेसा आहे. 'एक्स गुणिले साइन एक्स' आणि 'एक्स गुणिले साइन एक्स-वर्ग' ही दोन पदे शेजारी ठेवा. पहिल्याला खंडशः इंटिग्रेशन लागते, दुसरे आदेशनाने दोन ओळींत सुटते. पुस्तकात सरावसंचाच्या डोक्यावर रीत लिहिलेली असते, म्हणून ती निवडावी लागत नाही. परीक्षेत ते डोके नसते. मुले रीत चालवायला शिकतात, ओळखायला शिकत नाहीत आणि मग 'घरी येत होते, पेपरात सुचले नाही' असे म्हणतात. त्यामुळे आतापासून रोज वेगवेगळ्या धड्यांतली दहा गणिते चिठ्ठ्या टाकून निवडावीत. सुरुवातीला चुका वाढतील, मन खट्टू होईल. पहिल्या गटाचे ८९ टक्के आठवावेत.

लोकलचे तास पूर्ण वाया जातात असेही नाही. मात्र सूत्रांचा कागद वाचत बसण्यापेक्षा तो सॅकमध्ये ठेवून, कोऱ्या पानावर आठवतील तेवढी सूत्रे लिहावीत आणि मग पडताळावीत. पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून पाहिलेले अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले. उताऱ्यांवरच्या त्यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. आणि डोळे मिटत असतील तर पळसदरी ते नेरळ झोपून घ्यावे, त्यात अपराधी वाटायचे कारण नाही.

रविवारी सकाळी अकराला, म्हणजे खऱ्या पेपरच्या वेळेला, जुनी प्रश्नपत्रिका तीन तास लावून सोडवावी. गुणाला दोन मिनिटे या गतीने गेले तर १६० मिनिटांत पेपर होतो, वीस मिनिटे तपासायला राहतात. झालेली प्रत्येक चूक एका वेगळ्या वहीत, कशामुळे झाली ते लिहून. महिन्याभरात त्या वहीत त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतील. ९५ टक्क्यांवरून ९९ वर जायचे ते या वहीतूनच.

छातीत धडधड, रात्री झोप न येणे, रडू येणे, 'माझ्याने होणार नाही' असे सारखे वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते.

शेवटी थोडे कॉलेजांविषयी. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत क्लासने दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, फार पहाटे किंवा फार उशिरा वर्ग घेऊ नयेत, असे म्हटले आहे. कागदावर ठीक. पण खोपोलीतून सहाची गाडी पकडणाऱ्या मुलासाठी आठचा वर्गही पहाटेचाच असतो, हे कुठल्याही सूचनेत येत नाही. एमयूटीपी-३ मधल्या पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाने चौकची मुले पनवेलच्या क्लासला लवकर पोहोचतील, तेवढाच दिलासा.

खरे तर इथे जे कमी आहे ते पुरवायला क्लासची इमारत लागत नाही. कर्जत आणि खोपोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या वर्गखोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, सीईटी देऊन तिथे पोहोचलेली मुले आहेत, निवृत्त गणित शिक्षक आहेत. चार ते सहा एक खोली उघडी, मिसळलेल्या गणितांचा एक संच आणि अडल्यास विचारायला एक माणूस, एवढे आठवड्यातून चार दिवस जमले तरी कितीतरी मुलांचे साडेतीन तास वाचतील. खोली सहाला बंद करावी, म्हणजे कशेळ्याच्या मुलांना संध्याकाळची एसटी मिळेल.